सोपान, तो पट्टा माझ्यामुळं गेला

सोपान,

तुझे दोन फ्लेक्स लागलेत. एक इथं सांगवीच्या चौकात, त्यावर 'बारामतीचा ढाण्या वाघ' असं लिहिलंय. दुसरा तुझ्या वस्तीच्या फाट्यावर, 'इंदापूर तालुक्याचा सुपुत्र'. जिवंतपणी तुझ्यावरून भांडणारे दोन तालुके तू गेल्यावरही थांबले नाहीत. फोटो मात्र दोन्हीवर एकच, आणि तोही बिघडवलेला. तुझा मोडका कान कुणीतरी कॉम्प्युटरवर सरळ करून टाकलाय. मी फ्लेक्सवाल्याला फोन लावून झाडला. म्हणलं, "अरे, तो कान तसा व्हायला माणसानं पंधरा वर्षं मातीत डोकं घासलंय, आणि तू एका बोटानं नीट केलास व्हय?" तो म्हणाला, "काका, चांगला दिसतोय की." मी फोन ठेवला.

तालमीतर्फे तुझ्यावर स्मरणिका काढायचं ठरलंय. "दत्ताभाऊ, फाइटला तुमी त्याच्या कोपऱ्यात बसायचा, तुमीच लिवा," म्हणून सगळ्यांनी ते माझ्या गळ्यात घातलं. मी साखर कारखान्यातला फिटर. लॉगबुकात 'बेअरिंग बदलले, पंप चालू' यापलीकडं माझी लेखणी कधी गेली नाही. तुझा जन्म कुठला, फाइट किती, जिंकल्या किती, हे सगळं दुसऱ्या पानावर चौकटीत येणार आहे, त्यामुळं ती कटकट माझ्यामागं नाही. मला त्या पट्ट्याबद्दल बोलायचंय. हेवीवेटचा देशाचा पट्टा तुझ्या कमरेला होता आणि दिल्लीत एका क्षणात गेला. सगळा मुलूख समजतो की तू समोरच्यावर दया केलीस. मी सहा वर्षं म्हणत आलो की तू विसरलास. दोन्ही खोटं. चूक माझी होती, आणि मला ती तिथंच, त्याच मिनिटाला कळली होती. तुला कळली होती का, हे मात्र तू असेपर्यंत विचारायची माझी छाती झाली नाही.

तू तालमीत आलास तेव्हा सोळा वर्षांचा होतास आणि अंगाला मेंढरांचा वास होता. राग मानू नकोस, होता. आबांनी, म्हणजे तुझ्या वडिलांनी, नुकतीच मेंढरं काढून टाकून ऊस लावला होता. तोवर दिवाळी झाली की कोकणात उतरायचं आणि पावसाळ्याच्या तोंडाला घाट चढून परत यायचं, असं तुमचं आयुष्य. खांद्यावर कोकरू घेऊन घाट चढलेल्या पोराची पाठ कशी होते, ते मी पहिल्याच दिवशी बघितलं. मी तेव्हा तालमीतला मोठा पैलवान. पहिल्या दिवशी तुला चारदा पाडला, दुसऱ्या दिवशी तीनदा. महिनाभरात तू मला पाडायला लागलास, आणि दर वेळी वरून विचारायचास, "दत्ता, लागलं का रं?" पडल्यापेक्षा मला त्या विचारण्याचाच जास्त राग यायचा.

आपल्या वस्तादांचा, तात्यांचा, तालमीत एकच कायदा होता. बाकी उशिरा या, लंगोट विसरा, दूध सांडा, ते फार तर एक शिवी देऊन सोडायचे. पण सरावात कुणाचे दोन्ही खांदे मातीला टेकले की तात्या ओरडायचे, "झाली!" आणि तो शब्द कानावर पडला की पकड तिथल्या तिथं सोडायची. हात कुठंही असो, कितीही जोर लागलेला असो, सोडायची, उठायचं आणि वस्तादांकडं तोंड करून उभं राहायचं. ज्यानं सोडायला उशीर केला त्याला दोनशे बैठका, वर ज्याला पाडलं त्याच्या पाया पडायचं. तात्यांच्या धाकट्या भावाची मान तरुणपणी अशाच एका न सोडलेल्या पकडीत गेली होती. तो माणूस पुढं जन्मभर आडवं बघून चालायचा. आपण सगळ्यांनी त्याला बघितलेला, त्यामुळं कायदा का आहे हे कुणाला सांगावं लागायचं नाही.

मग एका जत्रेत माझा गुडघा गेला आणि माझी कुस्ती संपली. मी तालमीत यायचं बंद केलं. तू घरी आलास, माझ्या आईनं दिलेली भाकरी खाल्लीस, आणि मला मोटरसायकलवर बसवून तालमीत आणून ठेवलंस. तात्यांच्या डोळ्यांत तेव्हा मोतीबिंदू वाढत चालला होता. खांदे टेकले की नाही ते त्यांना दिसायचं नाही. त्यांनी मला कुस्तीच्या मातीच्या हौद्याच्या कडेला बाकडं दिलं आणि म्हणाले, "दत्त्या, आजपास्नं तू बघायचं आन् तू बोलायचं." अशी ती 'झाली' माझ्याकडं आली. ज्याला कुस्ती खेळता येत नाही त्याला एवढं मोठं काम दिलं म्हणून मी त्या दिवशी घरी जाऊन रडलो, हे तुला कधी सांगितलं नव्हतं.

मी एकदा त्या शब्दाची चेष्टा केली होती, आठवतंय? तुझी पकड रंगात आली होती आणि मी खांदे टेकायच्या आधीच, गंमत म्हणून, 'झाली' म्हणालो. तू जाळ लागल्यासारखे हात काढलेस. सगळे हसले. तात्यांनी मात्र बसल्या जागेवरनं काठी भिरकावली, ती माझ्या नडगीवर बसली. म्हणाले, "त्या शब्दाशी खेळायचं न्हाय. ह्याचं हात ह्याच्या डोस्क्याला इचारत न्हाईत आता. तुझ्या आवाजाला इचारत्यात." तेव्हा मला फक्त नडगी दुखल्याचं कळलं.

पिंजऱ्यातल्या फाइटचं खूळ तुझ्या डोक्यात पुण्यात फाइट शिकवणाऱ्या सरांनी घातलं. ते कुस्त्या बघायला इंदापूरला आले होते. तुझं एकशे सोळा किलोचं वजन आणि त्या वजनात मांजरासारखं फिरणं बघून त्यांनी तुला फोनवर ती एमएमए दाखवली. लाथा, बुक्क्या, गळा आवळणं, सगळं चालतं. मी सरळ सांगितलं की ही कुस्ती नाही, हा गावगुंडांचा धिंगाणा आहे. तू म्हणालास की मातीत जे शिकलो तेच तिथं करायचंय, फक्त माती नाही. हा वाद आपण तेव्हापासून घालतोय आणि तो अजून मिटलेला नाही. माझं मत अजूनही तेच आहे, हे नोंदवून ठेवतो. आबांचं मत तर विचारूच नको. "पिंजऱ्यात कोंबड्या ठिवत्यात. मानसं कशापायी घालायची?" एवढं बोलून ते उसाला पाणी द्यायला निघून गेले.

पण तू गेलास, आणि जाताना मला घेऊन गेलास. सरांना म्हणालास की कोपऱ्यात तुम्ही बसा, तुमचा माणूस बसू दे, पण तिसरा दत्ता पाहिजे. मी येऊन काय करू, असं विचारलं तर म्हणालास, "बस की. तू बसला की तालमीत असल्यागत वाटतं."

पहिली फाइट पुण्याला झाली. तू समोरच्याला उचलून आपटलास, त्याच्या छातीवर बसलास आणि बसूनच राहिलास. सर ओरडून ओरडून लाल झाले, "मार, मार त्याला." तू माझ्याकडं बघितलंस. तुझ्या डोळ्यांत एवढं अवघडलेपण होतं की मलाच लाज वाटली. मी म्हणलं, "मार की रं बाबा." तेव्हा तू त्याला बुक्क्या मारल्यास, शेजारच्याच्या दारावर थाप मारावी तशा. पंचांनी तरीही तुला विजयी केलं, कारण तो बिचारा तुझ्या खालून निघूच शकत नव्हता. खाली उतरल्यावर तू त्याच्या खोलीत जाऊन विचारून आलास, लई लागलं का म्हणून. सर कपाळाला हात लावून बसले.

बुक्की मारायला तू दोन वर्षांनी शिकलास. पोत्यात कारखान्यातला बगॅस, म्हणजे उसाचा वाळका चोथा, भरून आपण ते लिंबाला टांगायचो, माझी पाळी सुटली की मी ते धरून उभा राहायचो. दर बुक्कीला माझ्या नाकातोंडात भुसा. तुझं नुकतंच लग्न झालेलं, मंगलवहिनी नवी नवरी होती तेव्हा. ती ओसरीवरून म्हणायची, "भाऊजी, त्या पोत्यापेक्षा तुमीच जास्त मार खाताय." ती संध्याकाळ, तो लिंब, वहिनीचं हसणं, आणि तुझं ते प्रत्येक बुक्कीला हुं हुं करणं. माझ्या आयुष्यातले सगळ्यात चांगले दिवस कोणते असं कुणी विचारलं तर मी ते सांगेन. माझ्या लग्नाचे सुद्धा नाही. बायको हे वाचणार आहे, तिला आधीच सांगून ठेवलंय.

पट्टा जिंकलास ती फाइट मी नीट बघितलीच नाही, अर्धा वेळ डोळे मिटून होतो. उघडले तेव्हा तू समोरच्याच्या पाठीवर होतास, हात गळ्याभोवती, आणि तो हार मानून मॅट थोपटत होता. माइकवाला ओरडला, "बारामती!" झालं. इंदापूरचे फोन सुरू. माणूस आमचा आणि नाव बारामतीचं कसं? परत आलो तर तालुक्याच्या शिवेवर दोन ट्रॅक्टर सजवून उभे, एक इकडचा, एक तिकडचा, आणि तू कुणाच्या ट्रॅक्टरवर बसायचं यावरून हमरीतुमरी. तू जीपमधनं उतरलास आणि दोन्ही ट्रॅक्टरांच्या मधून चालत घरी गेलास. पाच किलोमीटर. डॉल्बी दोन्हीकडनं, गाणी वेगळी वेगळी. "मेंढरं राखली इंदापुरात, कुस्ती शिकलो बारामतीत, आता दोघंबी गप बसा," असं तू म्हणालास ते त्या दंग्यात माझ्याशिवाय कुणाला ऐकू गेलं नाही. घरी आबांनी तो पट्टा दोन्ही हातांनी उचलून बघितला. "लई जड हाय. नेसायचा कवा ह्यो?" पुढं तो कपाटावर राहिला, आणि दसऱ्याला वहिनीनं कोयता, नांगराचा फाळ यांच्या ओळीत मांडून त्याला हळदकुंकू वाहिलं.

आता दिल्लीचं सांगतो. इतकी वर्षं टाळलं.

समोरचा पंजाबचा होता, तुझ्यापेक्षा वीतभर उंच. तोही आखाड्यातनंच आलेला, त्याचेही कान मोडलेले. पहिल्या फेरीत तू मार खाल्लास. दुसऱ्या फेरीत तू त्याला जाळीला रेटलंस, हात बगलेत घातलास, आणि मला कळलं की आता ढाक येणार. आपल्या हौद्यात तो डाव मी तुला हजार वेळा मारताना बघितलाय. आलीच. तो एवढा उंच माणूस हवेत गोल फिरला आणि पाठीवर पडला, दोन्ही खांदे सपाट, तू छातीवर. असली स्वच्छ ढाक मी त्याआधी बघितली नव्हती, नंतरही नाही. मी कुठं आहे, समोर माती आहे की मॅट आहे, काही राहिलं नाही. मी खुर्चीवरून उठलो आणि पोटातनं ओरडलो, "झाली!"

तू सोडलंस. उठलास. माझ्याकडं तोंड करून उभा राहिलास.

तो चेहरा मी अजून विसरलेलो नाही. घामानं भिजलेला, सोळा वर्षांचा, शाबासकीची वाट बघणारा. आणि गंमत बघ, तो पंजाबी गडीसुद्धा क्षणभर तसाच पडून राहिला. त्याच्याही अंगात तेच मुरलेलं, खांदे टेकले म्हणजे आपण हरलो. मग त्याची माणसं ओरडली आणि तो भानावर आला. तू अजून माझ्याकडंच बघत होतास. मी हात हलवले, तोंड उघडलं, आवाज निघाला नाही. त्याची बुक्की तुझ्या जबड्यावर बसली आणि तू खाली गेलास. पंचानं मध्ये पडून फाइट थांबवली. सर डोकं धरून म्हणत होते, "हे काय केलं ह्यानं? सोडलं का?" एवढ्या कल्लोळात त्यांना माझा आवाज ऐकू गेला नव्हता. कुणालाच गेला नव्हता, असं मी धरून चाललो.

डोक्याला मार म्हणून तुला दवाखान्यात नेलं. शुद्धीवर होतास. मला विचारलंस, "काय झालं रं?" तेव्हा बोलायला पाहिजे होतं. खोलीत आपण दोघंच होतो. मी काय म्हणालो? म्हणालो, "तू सोडलंस त्याला. इसरलास तू. हितं खांदं मोजत न्हाईत, एवढं शिकवलं तरी इसरलास." तू माझ्याकडं बघितलंस. मग म्हणालास, "व्हय. इसरलो आसंन."

माझा जीव भांड्यात पडला. हे लिहिताना माझीच मला किळस येते, पण खरं तेच आहे, जीव भांड्यात पडला.

एकदा खोटं बोललो की ते पोसावं लागतं. मी तुला विसरभोळा पैलवान म्हणायला लागलो. तू चहात साखर घातलीस का, गाडीची किल्ली घेतलीस का, प्रत्येक गोष्टीत ते काढायचो. भिगवणला आपण महिन्यातनं एकदा मासे खायला जायचो, तिथल्या हॉटेलवाल्यालाही मी सांगायचो, ह्याला काटे काढायची आठवण करा. तू हसायचास आणि ताटातला मासा निवडत बसायचास. फोनवर तुझी ती क्लिप फिरली. आपल्याकडच्या पोरांनी सुद्धा त्याखाली नको नको ते लिहिलं. मी वाचून तुला सांगायचो आणि वर म्हणायचो, बघ, विसरलं की असं होतं.

मग तुझी ती मुलाखत झाली. एकानं विचारलं की तुम्ही मुद्दाम सोडलंत का. तू म्हणालास, "मातीत असंच असतंय." एवढंच. लोकांनी त्याचं काय केलं बघ. महिन्याभरात तू पडलेल्यावर हात न उचलणारा मल्ल झालास. शाळेच्या बक्षीससमारंभात, कारखान्याच्या कार्यक्रमात, जो तो तेच सांगायचा, मातीचे संस्कार वगैरे. तू स्टेजवर बसून पायाच्या बोटांकडं बघायचास. मला वाटायचं, तुला ती खोटी स्तुती आवडते, म्हणून गप्प बसलायस. एकदा दारात उभा राहून तसं तुला बोललोही. तू म्हणालास, "लोकं खूश हायती, जाऊ दे."

त्यानंतर सर म्हणाले की कोपऱ्यात आता शिकलेला माणूस ठेवू, दत्तारावांनी घरून बघावं. त्यांचं बरोबर होतं. तू म्हणालास, "दत्ता न्हाय तर मी न्हाय." पुढच्या तिन्ही फाइटना मी तिथं होतो आणि तिन्हीत माझ्या तोंडातनं शब्द फुटला नाही. फेरी संपवून तू येऊन बसायचास, मी बर्फ लावायचो, आणि तू श्वास घेत घेत म्हणायचास, "बोल की. मुका झालास का?" दोन जिंकल्यास, एक हरलास, पट्टा काही परत आला नाही. मग तू बारामती-इंदापूर रस्त्याला पत्र्याचा हॉल बांधलास, बरोबर मध्यावर, दोन्ही तालुक्यांची कटकट नको म्हणून. पोरापोरींना शिकवायला लागलास. खांदे टेकले की तिथं ओरडायचं काम मलाच दिलंस. मॅटवर माझा आवाज निघायचा. पिंजऱ्यापाशी निघायचा नाही.

त्या हॉलमध्येच सकाळी मॅट झाडता झाडता तू खाली बसलास, आणि दवाखाना येईपर्यंत गेलास. मी कारखान्यात होतो. मी पोचलो तेव्हा तुझ्या पायांना हात लावला, ते गरम होते. बाकी त्या दिवसाचं मला फारसं आठवत नाही.

दहाव्यानंतर शोकसभा झाली. ओळीनं सगळ्यांनी तेच भाषण केलं, पडलेल्यावर हात न उचलणारा. शेवटी मला उभं केलं. माइक हातात आला तेव्हा मी ठरवलं होतं की आता बोलायचंच. समोर आबा बसलेले, पटका मांडीवर. वहिनी बायकांत. मी म्हणालो, "सोपान चांगला मानूस हुता." आणि बसलो.

चार दिवसांनी वहिनीनं बोलावलं. चहा दिला. कप खाली ठेवायच्या आत म्हणाली, "भाऊजी, त्या दिवशी तरी बोलाल असं वाटलं हुतं."

"काय बोलायचं?"

"दिल्लीचं."

मी कप खाली ठेवला. ती शांतपणे सांगत होती, वर्षानुवर्षं पाठ असल्यासारखं. दवाखान्यातनंच तू तिला फोन केला होतास. म्हणाला होतास, दत्ता 'झाली' म्हणला आन् हात सुटलं. त्याला ठावं हाय. मला इसरलास म्हणला, मी व्हय म्हणलं. मी ह्यो इषय काढला तर त्यो तालमीत परत त्वांड उघडायचा न्हाय, मुकाच हुईल. तूबी काढू नको. त्यो आपणहून बोलंल.

मी विचारलं, "मग कधी चिडला न्हाय माझ्यावर?"

"चिडलं की. आठ दिवस जेवन गोड लागलं न्हाय त्यांना. पर तुमच्यावर चिडून कुठं जायाचं, म्हणायचं." तिनं माझा कप उचलला. मग म्हणाली, "तुमी दोघं भिगवणला जाऊन आला की मी इचारायची, आज बोललं का भाऊजी? तर म्हणायचं, न्हाय. आज कालव्याच्या आवर्तनाचं बोलला. म्हयन्याभरानं परत इचारायची. न्हाय, आज ऊसतोडीचं बोलला. पुढं पुढं मी इचारायचं बंद केलं. पर ते परत आल्यावर मीच त्यांच्या तोंडाकडं बघायची, तर मान हालवायचं, न्हाय म्हणून."

मला तुझा राग आलाय, सोपान. एक शिवी हासडायची होतीस. ताट भिरकावायचं होतंस. मी तुझ्या तोंडावर सहा वर्षं तुला विसरभोळा म्हणतोय, आणि तू मासा निवडत बसतोस, हे कसलं वागणं? आणि मग राग ओसरला की वाटतं, माझ्यासारख्या गुडघा गेलेल्या माणसाचा आवाज राहावा म्हणून तू पट्टा घालवल्याचा कलंकही अंगावर घेतलास आणि नको ते मोठेपणही. तुझे उपकार मोजायला गेलो तर हे पान पुरायचं नाही. आवाज राहिला, बघ. काल हॉलवर गेलो होतो. पोरी सराव करत होत्या. ओरडलो.

स्मरणिकेच्या मुखपृष्ठावर ते वाक्य टाकलं होतं, पडलेल्यावर हात न उचलणारा. मी ते खोडायला लावलं. मंडळी माझ्यावर नाराज आहेत, म्हणतात, दत्ताभाऊ, एवढं चांगलं वाक्य, आणि आता तुमचं नाव खराब होईल. होऊ दे. वहिनीला हे सगळं वाचून दाखवलं. ती म्हणाली, "छापा." आबांनाही वाचून दाखवायला सांगितलंय, ते मी स्वतः जाऊन करणार आहे.

पण हे सगळं लोकांना सांगून झालं तरी ज्याला सांगायचं होतं त्याला ते सांगायचं राहिलंच. दर महिन्याला तू माझ्यासमोर बसत होतास, टेबल एक, ताटं दोन. तू वाट बघत होतास, आणि मी तुला कालव्याला पाणी कधी सुटणार ते सांगत होतो.